मधला थांबा : एसटी, पुणे आणि नवी मुंबई

नवी मुंबईहून पुण्याला कसं जायचं, असं विचारलं तर इथला माणूस कुठल्याही बसस्थानकाचं नाव घेत नाही. “हायवेला या,” एवढंच म्हणतो. नवख्याला वाटतं, हायवेला एखादं ठिकाण असेल, तिथे फलाट असतील, चौकशीची खिडकी असेल. तसलं काही नाही. शीव-पनवेल महामार्गावर वाशी, सानपाडा, नेरूळचा एलपी, उरण फाटा, सीबीडी, खारघर, कामोठे आणि शेवटी कळंबोली अशी ठिकाणं आहेत. तिथे बॅग पायाशी ठेवून, मान दादरच्या दिशेला वळवून उभं राहायचं. पुण्याची गाडी लांबून दिसली की आधी तिचा रंग ओळखायचा, मग पाटी वाचायची, मग हात करायचा. एवढ्या वेळात ती समोर आलेली असते.

एसटी महामंडळाच्या वाटचालीवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पंचाहत्तरी उलटून गेलेल्या संस्थेवर लिहिलं जाणारच. पण ते बहुतेक लिखाण आगारातून किंवा गावच्या पारावरून झालेलं आहे. मला ही वाटचाल या हायवेच्या कडेवरून सांगायची आहे. इथून एसटी रोज जाते, वर्षानुवर्षं जाते, आणि तरी हे शहर तिच्या हिशेबात कधी टोकाचं गाव झालं नाही. कायम मधला थांबा राहिलं.

सुरुवात अर्थातच पुण्याहून करावी लागते. 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पहिली बस धावली. लाकडी बांधणीची, तीस आसनांची बेडफर्ड, रंग निळा आणि चंदेरी. खासगी मोटारवाल्यांच्या हातातली प्रवासी वाहतूक त्या वेळी मुंबई सरकार आपल्याकडे घेत होतं. 1950 साली रस्ते वाहतूक महामंडळांचा कायदा झाला, 1960 साली महाराष्ट्र झाला, आणि ‘महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ’ हे लांबलचक नाव आलं. ते नाव लोकांनी बोलण्यात कधीच घेतलं नाही. एसटी म्हणजे एसटी, आणि जरा आत गेलं की येष्टी.

मुंबई-पुणे मार्गावर एसटीला पहिल्यापासून एक तगडी सवत होती. बोरघाटातून रेल्वे 1863 साली सुरू झाली होती आणि डेक्कन क्वीन 1930 सालापासून धावत होती. (डेक्कन क्वीनचा वाढदिवसही 1 जून. पुण्याला ही तारीख मानवते.) त्यामुळे मुंबई बेटावरच्या आणि कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला पुण्याला जायचं तर आधी आगगाडी आठवते. डेक्कन क्वीन, सिंहगड, इंद्रायणी, डेक्कन एक्सप्रेस या सगळ्या कल्याण-कर्जतवरून जातात. खाडीच्या या बाजूला असलेल्या बेलापूर पट्टीच्या नशिबात त्या नव्हत्या आणि आजही नाहीत. नेरूळच्या माणसाने डेक्कन क्वीन पकडायची तर आधी पुण्याकडे पाठ करून दादर गाठायचं आणि तिथून पुन्हा उलटं फिरायचं. पनवेलला थांबणारी प्रगती एक्सप्रेस आहे, लांब पल्ल्याच्या काही गाड्या आहेत, पण त्यांच्या वेळांवर रोजचा संसार चालत नाही. म्हणून इथला पुण्याचा प्रवास हा रस्त्याचा प्रवास आहे, आणि रस्त्याचा म्हणजे बराच काळ एसटीचाच.

हा रस्ताही आज दिसतो तसा नव्हता. ठाण्याच्या खाडीवर पूल नव्हता तेव्हा मुंबईहून पुण्याला जाणारी मोटार ठाण्याला जायची, मुंब्र्याच्या डोंगराखालून शीळफाट्याला वळायची आणि तिथून पनवेल गाठायची. वाशी हे तेव्हा कोळ्या-आगऱ्यांचं गाव होतं, भोवती मिठागरं आणि भातखाचरं. पुण्याची वाट त्याच्या जवळपासही फिरकत नव्हती. पनवेल मात्र जुन्या वाटेवरचं जाणतं गाव. खाडीतून आलेला माल तिथे उतरायचा आणि घाटावर चढायचा. बोरघाटातला गाडीरस्ता 1830 साली खुला झाला. घाटाची वाट दाखवणाऱ्या शिंग्रोबा धनगराची कथा त्या वाटेवरच्या प्रत्येक चालकाला माहीत असते: त्याने वाट दाखवली आणि इंग्रजांनी त्याला मारून टाकलं. खोपोलीहून जुन्या घाटाने चढताना त्याचं देऊळ लागतं. एसटीच्या खिडकीतून तिथे नाणी भिरकावली जायची. वाहकही कधी कधी प्रवाशांच्या आधी खिशात हात घालायचा.

त्याच 1830 सालातला अमृतांजन पूल पुढे पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ टिकला आणि 2020च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना, पाडला गेला. एका वेदनाशामक मलमाच्या जाहिरातीवरून पुलाला कायमचं नाव पडावं, हे फक्त घाटातल्या प्रवाशांनाच सुचू शकतं. घाट लागला की डोकं धरायचंच.

17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली. मुंबईवरचा भार खाडीपलीकडे न्यायचा, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1965 सालीच मांडली होती. पंच्याण्णव गावांच्या जमिनींवर नवं शहर उभं राहायचं होतं. 1973 साली ठाणे खाडीवरचा पूल खुला झाला आणि पुण्याची वाट एका दिवसात मुंब्र्यावरून उचलून वाशीवर आणून ठेवली गेली. नवी मुंबई आणि पुण्याचा रस्ता यांची गाठ इथे पडली, आणि ती अपघातानेच पडली असं मला वाटतं. शहराचा सगळा विचार मुंबईच्या तोंडाने झाला होता. माणसं बेटावरून इकडे कशी येतील, इथून कामाला कशी जातील, रेल्वे कुठून फिरवायची, स्थानकावर दुकानं किती. महामार्ग मात्र शहराच्या मधून गेला तरी नकाशावर कुंपणासारखा राहिला. त्याच्या कडेला उभं राहून कुणी घाटावर जायला निघेल, याची सोय कुणाच्याच खात्यात नव्हती. सिडकोच्या खात्यात नव्हती कारण ते एसटीचं काम, आणि एसटीच्या खात्यात नव्हती कारण तिची गाडी मुंबई-पुणे होती.

शहराच्या आतली वाहतूकही बरीच वर्षं कच्चीच होती. सिडकोने बीएमटीसी नावाची बससेवा काढली होती, ती ऐंशीच्या दशकात बंद पडली. त्यानंतर एसटी आणि बेस्टच्या गाड्यांवर या वस्तीने दिवस काढले. मानखुर्दहून वाशीला लोकल 1992च्या मे महिन्यात आली, आणि महापालिकेची स्वतःची परिवहन सेवा, म्हणजे एनएमएमटी, 23 जानेवारी 1996 रोजी सुरू झाली. तोवर ऐरोली किंवा कोपरखैरण्याच्या माणसाला पुण्याला जायचं म्हणजे घरातून हायवेला पोहोचणं हीच अर्धी मोहीम असायची.

तरीही हायवेवर गर्दी होती, आणि ती कोण होती हे सांगितल्याशिवाय ही वाटचाल पुरी होत नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कांदा-बटाट्याचा बाजार मुंबईहून वाशी-तुर्भ्याला आला, मागोमाग मसाला, धान्य, फळं आणि भाजीपाल्याचा. बाजाराबरोबर माथाडी कामगार आले. अण्णासाहेब पाटलांनी बांधलेल्या चळवळीतून 1969 साली माथाडी कायदा झाला होता. त्या कायद्याच्या छत्राखाली पाठीवर ओझं वाहणारी ही माणसं जावळी, पाटण, कराड, वाई, जुन्नर, आंबेगाव अशा तालुक्यांतली. वाशी, कोपरखैरणे, घणसोलीत त्यांची घरं झाली, पण गाव सुटलं नाही. त्यांतल्या बहुतेकांसाठी पुणे हे मुक्कामाचं ठिकाण नव्हतंच, कात्रजच्या अलीकडचं एक मोठं गाव होतं. गावच्या यात्रेला, पेरणीला, सुगीला, पुतणीच्या लग्नाला, म्हातारी पडली म्हणून, तेरावा आहे म्हणून ही माणसं हायवेला उभी राहायची. सातारा, कराड, पाटणची पाटी दिसली की पोतं आधी वर जायचं, माणूस मागून. चैत्र-वैशाखात यात्रा सुरू झाल्या की अख्खी गाडी करून जायचं. नवी मुंबईत एसटीला मोठं केलं ते या लोकांनी. संगणकावर बसणारे आम्ही त्यानंतर आलो.

पुण्याला जाणाऱ्या साहेबी प्रवाशाकडे एसटीचं लक्ष गेलं ते 1982 नंतर. दिल्लीच्या आशियाई स्पर्धांसाठी महामंडळाने खास बांधणीच्या गाड्या दिल्या होत्या. त्या वाणाच्या हिरव्या-पांढऱ्या निमआराम गाड्या मग दादर-पुणे मार्गावर आल्या आणि त्यांना ‘एशियाड’ हे नाव कायमचं चिकटलं. पाठ मागे टेकेल अशी बाकं, काचा धड बंद होणाऱ्या खिडक्या, आणि मुख्य म्हणजे मध्ये कुठे न थांबता जाणं. मुंबईत दादरला त्यांची रांग लागायची आणि गाडी भरली की सुटायची, वेळापत्रकाकडे कुणी बघायचं नाही. पुणे आणि मुंबई या दोन टोकांना हा मोठाच आराम होता. हायवेवर उभ्या असलेल्या माणसासाठी मात्र भरलेली गाडी म्हणजे काचेआडून दिसणारे चेहरे. ‘हात दाखवा, गाडी थांबवा’ ही एसटीची योजना साध्या गाडीला लागू होती. एशियाडला हात दाखवला तर आतला प्रवासी फार तर हात हलवायचा.

1997 साली खाडीवर दुसरा पूल आला. त्याच वेळी पलीकडे आणखी मोठं काम चाललं होतं. 1996 साली स्थापन झालेल्या रस्ते विकास महामंडळाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग हाती घेतला, आणि 2002 साली तो संपूर्ण खुला झाला. साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, सहा पदरी, काँक्रीटचा, दोन्ही बाजूंनी बंदिस्त. नाव मुंबई-पुणे असलं तरी त्याचं एक टोक कळंबोलीला आहे आणि दुसरं किवळे-देहूरोडला. म्हणजे कागदावर पाहिलं तर हा नवी मुंबई ते पिंपरी-चिंचवड असा रस्ता आहे. मोठ्या शहरांची नावं लावायची पद्धत असते, त्याला इलाज नाही.

द्रुतगती मार्गाने प्रवास किती वाचवला, ते जुन्या घाटात खोपोलीच्या वळणावर तासतास अडकलेल्या पिढीला विचारावं. साडेचार-पाच तासांचा प्रवास तीन-साडेतीनवर आला. याच रस्त्याने एसटीला शिवनेरी चालवायचं धैर्य दिलं. वातानुकूलित व्होल्वो, बाटलीबंद पाणी, स्वच्छ काच. ‘एसटीत बसणार नाही’ असं म्हणणारा वर्ग तिच्यात बसला आणि पुढे तिच्याशिवाय जाईना. सरकारी संस्थेला खासगी गाड्यांच्या तोडीस तोड काही चालवता येतं, हे शिवनेरीने सिद्ध केलं आणि ते श्रेय तिला द्यायलाच हवं. शिंग्रोबा मात्र जुन्या घाटात राहिला. शिवनेरीच्या काचा उघडत नाहीत, नाणं टाकायचं तरी कुठून. खाणंही बदललं. पळस्प्याच्या दत्त स्नॅक्सची मिसळ आणि पियूष, खोपोलीचा रमाकांतचा वडा हे जुन्या रस्त्यावरचे मानकरी. नव्या रस्त्यावर खालापूरच्या फूड मॉलमध्ये दहा मिनिटांत रांग, चहा आणि स्वच्छतागृह उरकायचं आणि तशाच दिसणाऱ्या चार गाड्यांमधून आपली शोधायची.

नवी मुंबईला या रस्त्याने पुण्याच्या अगदी तोंडाशी आणून बसवलं. कळंबोलीहून निघालं की पहिला टोल खालापूरला, दुसरा तळेगावजवळ उर्से इथे, आणि मध्ये गाडी अडवणारा एकही चौक नाही. ऐरोली-महापेच्या कंपन्यांत काम करणारी पोरं हिंजवडीच्या पोरांशी एका घरात लग्न करून राहू लागली. शनिवार-रविवार कुणाच्या आईकडे, हा संसारातला नवा वाद झाला. शुक्रवारी संध्याकाळी एलपीला आणि सोमवारी पहाटे वाकडच्या पुलाखाली उभं राहणाऱ्यांची एक जमातच तयार झाली. त्यांच्या गरजेएवढ्या गाड्या एसटीकडे नव्हत्या, म्हणून हायवेवर दुसरा बाजार भरला. खासगी ट्रॅव्हल्सच्या बस, आणि त्याहून जास्त छोट्या गाड्या. “पुणे-पुणे-पुणे, एक सीट, एक सीट!” ही आरोळी कळंबोलीला चोवीस तास चालू असते. एक सीट म्हणजे किती जागा, हे गाडीत बसल्यावर कळतं. चालकाची ओळख नाही, गाडीची पाटी पांढरी, आणि दर गर्दी पाहून. तरी माणूस बसतो, कारण शिवनेरी भरून आलेली असते आणि साधी गाडी अजून चेंबूरच्या मैत्री पार्कला असते.

या सगळ्यात एक अडचण अशी आहे की ती बाहेरच्याला सांगूनही पटत नाही. 2010च्या दशकात शीव-पनवेल महामार्ग रुंद झाला, जवळजवळ प्रत्येक चौकावर उड्डाणपूल आले. वाहनांसाठी चांगलं झालं. पण आपला थांबा पुलाखाली आहे, आणि पुण्याच्या गाडीचा चालक घाईत असेल, किंवा गाडी दादर-चेंबूरलाच भरली असेल, किंवा नुसतीच सवय असेल, तर तो पुलावरून निघून जातो. खाली उभ्या माणसाला आपल्या डोक्यावरून गेलेली गाडी फक्त ऐकू येते. आरक्षण असेल तर भ्रमणध्वनीवर वाहकाचा किंवा चालकाचा नंबर मिळतो आणि संभाषण सुरू होतं: “दादा, मी एलपीला खाली आहे.” “खाली कुठं? सर्व्हिस रोडला या.” “सर्व्हिस रोडलाच आहे.” “पुढं या, पुढं या.” पुढं म्हणजे कुठं, ते दोघांनाही नेमकं ठाऊक नसतं. माझ्या ओळखीच्या एक काकू यावर तोडगा म्हणून सरळ लोकलने पनवेलला जातात आणि तिथून गाडी धरतात. स्थानक म्हटलं की निदान गाडी आत येते, हा त्यांचा मुद्दा बिनतोड आहे.

परतीचा प्रवास तर याहून अवघड. जाताना निदान पुणे हे एकच उत्तर पुरतं. येताना आधी पुण्यातलं स्थानक ठरवायचं. स्वारगेट, पुणे स्टेशन की शिवाजीनगर? त्यातही शिवाजीनगरचं स्थानक मेट्रोच्या कामासाठी 2019च्या अखेरीस वाकडेवाडीला गेलं. मग पाटीवरचं ‘मार्गे’ वाचायचं. मार्गे औंध म्हणजे विद्यापीठ आणि वाकडवरून बाहेर, मार्गे निगडी म्हणजे पिंपरी-चिंचवड पालथं घालून. गाडीच्या कपाळावर ‘दादर’, ‘बोरिवली’ किंवा ‘ठाणे’ असतं. वाशी किंवा नेरूळ अशी पाटी अपवादानेच दिसते. ठाण्याची गाडी कळंबोलीहून कुठल्या रस्त्याने जाईल, बोरिवलीची वाशीवरून जाईल की ऐरोलीवरून, हे वाहकाला विचारून घ्यावं लागतं. जुना वाहक तिकीट फाडतानाच विचारायचा, “उतरणार कुठं? सीबीडी? मग पुढच्या बाकावर बसा.” त्यात एक शहाणपण होतं. खारघर सोडलं की मागच्या बाकावरून उठून, बॅग काढून दाराशी येईपर्यंत गाडी उरण फाट्याच्या पुलावर चढलेली असते.

आणि उतरायचं ते भर हायवेवर. रात्रीचे साडेबारा, एका बाजूला ट्रेलरची रांग, दुसऱ्या बाजूला कठडा. रिक्षा आहे पण ती पलीकडे आहे. एसटीच्या टोकाच्या स्थानकांवर निदान दिवा, पोलीस चौकी, चहावाला आणि एक बाक मिळतं. दिवा आणि बाक पुरेसे असतात असंही नाही. 2025च्या फेब्रुवारीत स्वारगेटला पहाटे उभ्या बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाला, आणि राज्यभरातल्या स्थानकांच्या सुरक्षेचा प्रश्न एकदम पुढे आला. स्थानकांची तपासणी झाली, सुरक्षारक्षक बदलले. योग्यच झालं. पण ज्या थांब्यांना स्थानक म्हणायचीच पद्धत नाही, तिथे तपासणीला कोण जाणार?

संस्थेवर या काळात काय गुदरलं, तेही नोंदवायला हवं. कोविडच्या आधी अठरा हजारांच्या घरात असलेला ताफा पुढच्या वर्षांत घटत गेला. टाळेबंदीत एसटीने परराज्यांतल्या मजुरांना सीमेपर्यंत पोहोचवलं, बसची बाकं काढून मालवाहतूकही करून पाहिली. 2021च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात कर्मचाऱ्यांनी राज्य शासनात विलीनीकरणाची मागणी करून काम बंद केलं, आणि तो संप 2022च्या एप्रिलपर्यंत लांबला. एवढा लांब संप या संस्थेच्या इतिहासात दुसरा नाही. संपकऱ्यांच्या पगाराचे आकडे तेव्हा प्रथमच लोकांनी नीट वाचले, आणि रात्रभर घाटात गाडी चालवणारा माणूस महिन्याकाठी काय घरी नेतो हे कळून अनेक जण गप्प झाले. हायवेवर मात्र त्या सहा महिन्यांत “एक सीट” वाल्यांची घडी बसली ती बसलीच. एसटी परत आली तेव्हा तिचे बरेच प्रवासी दुसऱ्या दाराने निघून गेले होते.

त्यांना परत आणलं ते सवलतींनी आणि विजेच्या गाड्यांनी. 2022च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत झाला, 2023च्या मार्चपासून महिलांना अर्धं तिकीट. 2025च्या जानेवारीत भाडं जवळपास पंधरा टक्क्यांनी वाढलं, तरी अर्ध्या तिकिटाच्या बळावर सासू, सून आणि नात अशा तिघी मिळून पुण्याला निघाल्याचं चित्र हायवेवर नेहमीचं झालं. 1 जून 2022 रोजी पुणे-अहमदनगर याच पहिल्या मार्गावर ‘शिवाई’ ही विजेवरची बस धावली, आणि 2023 साली मुंबई-पुणे मार्गावर ई-शिवनेरी आली. हिचा घाटातला आवाज ऐकावा. म्हणजे ऐकायला काही नसतंच. जुन्या गाडीत पहिला गिअर पडल्यावर सगळी बस जी थरथरायची, त्यावरून डोळे मिटून कळायचं की खंडाळा आला. आता अंगावर वारा गार लागला तरच कळतं, आणि वातानुकूलनामुळे तोही कळत नाही.

2024 साली महामंडळाने शिवनेरीत प्रवाशांच्या दिमतीला ‘शिवनेरी सुंदरी’ नेमायचा विचार जाहीर केला. विमानातल्यासारखं स्वागत. कल्पनेवर बरीच टिंगल झाली. माझ्या मते टिंगल करण्यापेक्षा, त्याच पैशात वाशी ते कळंबोलीच्या थांब्यांवर छप्पर, दिवा आणि एकेक स्वच्छतागृह किती होईल याचा हिशेब मागायला हवा होता. स्वागत गाडीत चढल्यावरच सुरू होतं, हा समज दादरला बसणाऱ्याचा आहे.

त्याच वर्षी 12 जानेवारीला अटल सेतू खुला झाला, शिवडी ते चिर्ले, जवळपास बावीस किलोमीटर. फेब्रुवारीत एसटीने त्यावरून शिवनेरी सोडली: पुणे स्टेशन ते मंत्रालय आणि स्वारगेट ते दादर. पनवेलपर्यंत यायचं आणि न्हावा शेवाकडून सरळ समुद्रावर. वाशी नाही, सानपाडा नाही, एलपी नाही. मुंबईकराचा वेळ वाचला. आमच्या बाजूने पाहिलं तर 1973 साली पुलाने वाशीवर आणून ठेवलेली पुण्याची वाट, पन्नास वर्षांनी दुसऱ्या पुलाने उचलायला सुरुवात केली आहे. पुढेमागे सगळ्याच वेगवान गाड्या तिकडून गेल्या, तर हायवेवर उरतील साध्या गाड्या आणि “एक सीट” वाले. तिकडे घाटातही खोपोली-कुसगावदरम्यान तेरा किलोमीटरच्या नव्या रस्त्याचं, मोठ्या बोगद्यांचं आणि उंच पुलाचं काम हाती घेतलं गेलं. उद्देश तोच, टोकापासून टोकापर्यंत लवकर पोहोचणं.

पण याच सुमाराला उलट्या दिशेने एक गोष्ट घडली आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झालं आणि 25 डिसेंबरपासून तिथून विमानं उडू लागली. पुण्याचं लोहगाव विमानतळ हवाई दलाच्या तळावर आहे, त्याच्या मर्यादा पुणेकर जाणून आहेत. अमेरिकेतल्या मुलाकडे जाणारे कोथरूडचे आजी-आजोबा आजवर चार तास आधी निघून, वाशीचा नाका आणि चेंबूरची कोंडी पार करत मुंबईच्या विमानतळावर जायचे. त्यांना द्रुतगती मार्ग संपतो तिथून पुढे थोडक्या अंतरावर, खाडी न ओलांडता, विमान मिळू लागलं तर ते इकडेच वळतील. म्हणजे पुण्याहून निघालेल्या माणसाचं उतरण्याचं ठिकाण प्रथमच नवी मुंबई असेल. दोन सुटकेसा, एक हातातली पिशवी, खाकऱ्यांची आणि भाकरवडीची खोकी, आणि गुडघे दुखत असलेली दोन माणसं पहाटे चारला कळंबोलीच्या पुलाखाली उतरतील. तिथून विमानतळाला जायचं कसं, बस कुठली, बाक कुठे, दिवा कुठे, स्वच्छतागृह कुठे, हे प्रश्न आम्हाला चाळीसएक वर्षं पडत आलेत. आम्ही ते हायवेवर उभे राहून मनातल्या मनात विचारले आणि गाडी आली की विसरलो. पुणेकर ते लेखी विचारतील, पोच घेतील, आणि उत्तर आलं नाही तर वर्तमानपत्रात पत्र लिहितील. वाशी ते कळंबोलीच्या थांब्यांना छप्पर मिळण्याची मला दिसणारी सर्वांत खात्रीची वाट सध्या तरी हीच आहे.